दोनशे अठरावा भाग

शुक्रवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास तिच्या डोळ्यांसमोरून एक दोष सरळ निघून गेला. दुधी काचेच्या टेबलावरून करडं कापड सरकत होतं, काचेखालच्या नळ्यांचा उजेड कापडातून आरपार वर येत होता, तिचा उजवा पाय मशीन थांबवायच्या पट्टीवर होता, आणि हातभर लांबीची एक आडवी फट, जिथे धागा विणायचाच राहून गेला होता, तिच्या नजरेखालून अगदी निवांत गेली आणि पलीकडच्या रुळावर गुंडाळली गेली. डोळ्यांना ती दिसली होती, पायाला कळली नाही. मग पाय दाबला गेला, रूळ थांबला, तिने कापड उलटं फिरवलं, फट पुन्हा काचेवर आणली आणि काठाला लाल दोऱ्याची गाठ मारली. कुणी पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षं ती या टेबलावर डोळ्यांत तेल घालून बसत होती. कारखान्यातले लोक तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं, आवडतही होतं. आज भिंग कुठे होतं? ती हिशेब करत होती. सहाशे चाळीसमधून दोनशे सतरा गेले, उरले चारशे तेवीस. आठवड्याला बारा. म्हणजे पस्तीस आठवडे. म्हणजे पुढचा फेब्रुवारी. फेब्रुवारीत संपेल. आणि फेब्रुवारी हा शब्द मनात उमटला त्याच क्षणी ती फट समोरून गेली होती.

तीन वर्षांत तिने पुढच्या महिन्याचंही नाव घेतलं नव्हतं. ते तिने ठरवून केलं होतं. आईला हाच आजार होता. मूत्रपिंडात पाण्याचे फुगे होतात, वाढत जातात, आणि एक दिवस मूत्रपिंड म्हणावं असं काही उरतच नाही. आई एकोणपन्नासाव्या वर्षी गेली तेव्हा कपाटात एक पलंगपोस सापडला, दोऱ्याने विणलेला, फुलाला फूल जोडत नेलेला, दोन तृतीयांश झालेला. सुई तशीच अडकलेली होती. माणूस उठून पाणी प्यायला गेलं असावं, तसा तो पलंगपोस कपाटात बसून होता. नात्यातली एक काकू म्हणाली होती, "पूर्ण कर गं पोरी, आईच्या जिवाला बरं वाटेल." तिने तो कात्रीने कापून त्याचे रुमाल केले. काकूने वर्षभर बोलणं टाकलं. पुढे तिला स्वतःला हाच आजार निघाला, आणि तीन वर्षांपूर्वी आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जायचं ठरलं, तेव्हा तिने मनाशी एकच नियम केला: लांबचं काही सुरू करायचं नाही. घरात चहाची पुडी लहानात लहान आणायची. टीव्हीवर रोज चालणारी मालिका लागली की उठून स्वयंपाकघरात जायचं. नवरा गाडी चालवायला शिकवतो, स्वभावाने शांत. त्याने एकदा बाल्कनीत लिंबाचं रोप लावू म्हटलं. "फळ किती वर्षांनी धरतं?" तिने विचारलं. "तीन-चार." त्याने रोप आणलं नाही. त्याचं मूत्रपिंड तिला जुळत नव्हतं. तसा कागद आला त्या दिवसापासून तो तिच्या समोर जरा खांदे पाडूनच वावरत असे.

आणि नियम मोडला तो कशापायी? लाकडी फळ्यांना चंदेरी रंग मारून केलेल्या एका आकाशयानापायी. मशीनच्या दालनात बारा खुर्च्या होत्या. तिची अकरावी. बारावी खिडकीशी, आणि तिच्यावर एक रुंद पंजांचा, पंचावन्न-छप्पन्नचा गृहस्थ, ज्याने तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. सुया टोचून झाल्या की तो उजव्या हाताने टॅब पोटावर उभा करी, कानात इअरफोनची बोंडं घाली आणि चार तास त्या पडद्यात बुडून जाई. पाच-सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्यात 'पंखा कमी करू का' यापलीकडे बोलणं नव्हतं. तिला छताकडे बघण्याची सवय होती. पण छतात बघण्यासारखं किती असणार? नजर बाजूला जाई आणि त्या पडद्यावर टेके. आवाज नाही, नुसती चित्रं: एक अरुंद बोळ, त्यातून धावणारी माणसं, अंगभर रबरी खवले चिकटवलेला एक प्राणी, कागदाच्या भेंडोळ्या घेऊन बसलेली एक करारी बाई, आणि उभ्या कॉलरच्या कोटातला कप्तान. पोरखेळ, तिने मनात म्हटलं. भिंत हलतेय मागची. तरी ती बघत राहिली, कारण नजर ही तिची जन्माची खोड होती. एका गुरुवारी कप्तान दारात उभा राहून काहीतरी बोलत होता. क्षणात चित्र बदललं, तो अजून बोलतच होता, आणि तिच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "उलटं आहे."

लिफ्टवाल्याने कानातलं बोंड काढलं. "काय म्हणालात?"

"त्याचा कोट. आधी बटणं उजवीकडे होती, काजं डावीकडे. आता काजं उजवीकडे. पुरुषाचा कोट असा शिवत नाहीत. चित्र उलटं छापलंय त्यांनी."

त्याने चित्र मागे नेलं. पाहिलं. पुन्हा मागे नेलं. मग तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिला वाटलं याचा रक्तदाब खाली गेला. "ताई," तो म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं बघतोय मी हे. हा भाग निदान नऊ वेळा पाहिलाय. जगात लाखो लोक हे बघतात, एकेका चुकीवर वाद घालतात. हे आजवर कुणाला दिसलेलं नाही." आणि त्याने एक बोंड पुसून तिच्यापुढे धरलं.

'सातवा किनारा' असं त्या मालिकेचं नाव होतं. एकतीस वर्षं चालू, सहाशे चाळीस भाग, अजूनही संपलेली नाही. चार नट बदलले तरी कप्तान तोच. एक यान आकाशाचा नकाशा करायला निघालं आहे, आणि ते जितकं पुढे जातं तितके मागचे नकाशे खोटे ठरत जातात, एवढीच गोष्ट. लिफ्टवाल्याने तिच्यासाठी पहिल्या भागापासून पुन्हा सुरुवात केली. सुरुवातीला ती चुका पकडायला बघत होती. बोळ एकच आहे, दर वेळी वेगळा रंग मारतात. डॉक्टरच्या हातातला पेला भरलेला, रिकामा, पुन्हा भरलेला. तिने चूक दाखवली की लिफ्टवाला मांडीवर थाप मारी आणि मोठ्या सिस्टर लांबून ओरडत, "हात हलवू नका, बारा नंबर!" नक्की कधी ते तिला सांगता आलं नसतं, पण पंचविसाव्या-तिसाव्या भागाच्या आसपास चुका दिसेनाशा झाल्या. भिंत हलायची, पण ती भिंत त्यांच्या यानाची होती. त्या करारी बाईला, यानाच्या नकाशेवालीला, ती घरी भांडी घासताना मनातल्या मनात सल्ले देऊ लागली. मशीनवर पायात गोळे यायचे, दोन तासांनंतर तोंडाला कोरड पडायची, दिवसाला मोजून लिटरभर पाणी, त्यातही औषधाचं धरून. पण आता गुरुवार संपला की शनिवार किती लांब आहे असं वाटायला लागलं. डायलिसिसचा दिवस लांब वाटणारी बाई! नवऱ्याला तिने हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्याहून खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. तीन वर्षं ती भ्यायली नव्हती. ज्याला काही नको असतं त्याचं कोण काय हिरावून नेणार? आता तिला काहीतरी हवं होतं. नकाशेवालीचं पुढे काय होतं ते हवं होतं. रात्री मशीनच्या सुयांसाठी मनगटाच्या वर फुगवलेली शीर उशीला टेकली की मांजरासारखी घरघरायची. पूर्वी तिला त्या घरघरीने झोप लागायची. आता ती ऐकत पडायची: चालू आहे ना? थांबली तर नाही?

कालच्या गुरुवारी दोनशे सतरावा भाग संपला आणि लिफ्टवाला म्हणाला, "शनिवारी दोनशे अठरा. ताई, त्या भागात काहीही होत नाही. चौघं जण एका बंद दारासमोर बसून राहतात. बस. पण असा भाग पुन्हा झाला नाही." मग त्याला थंडी वाजली. दात वाजायला लागले, त्याने चादर गळ्यापर्यंत ओढली. "सिस्टरना बोलावू?" तिने विचारलं. "गप्प," तो म्हणाला, आणि सिस्टर लांब आहेत हे बघून चादरीतून उजवा पाय काढून मोजा खाली सरकवला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, रुपयाएवढी जखम होती, काठ पांढरे, मधोमध काळपट. वास आला. "बूट चावला. साखरेच्या आजारामुळे पायाला कळतच नाही. सोमवारी दाखवतो. आत्ता कागदावर चढलं की मूत्रपिंडासाठीच्या यादीतून नाव बाजूला काढतील, बरं होईपर्यंत. सहा वर्षं थांबलोय मी, ताई. या यादीत एकदा मागे पडलेला माणूस आणि लिफ्टच्या खड्ड्यात पडलेला पाना, दोघं वर येत नाहीत." "आजच दाखवा," ती म्हणाली. "सोमवारी," तो म्हणाला, आणि मोजा वर ओढला.

फोन वाजला तेव्हा लाल दोऱ्याची कात्री तिच्या हातातच होती. बाई होती, आवाज शांत, सवयीचा. एक मूत्रपिंड आलं आहे. रक्तगट तुमचा. तुम्ही राखीव आहात. पहिल्या रुग्णाचं काही कारणाने जमलं नाही तर तुम्ही. दोन तासांत या, काही खाऊ-पिऊ नका. तिने टेबलाखालचे दिवे बंद केले. काच काळी पडली आणि तीत तिला स्वतःचा चेहरा दिसला. नवरा शिकाऊ माणसाला रस्त्यातच उतरवून गाडी घेऊन आला. वाटेत त्याने प्रत्येक वळणाला हात दाखवला, प्रत्येक पिवळ्या दिव्याला थांबला. "जरा लवकर," ती म्हणाली. "लवकरच चाललोय," तो म्हणाला. कुणाचं तरी माणूस आज गेलं असणार, हे तिला तेव्हा सुचलं, आणि लगेच सुटून गेलं.

तिसऱ्या मजल्याच्या लांब दालनात भिंतीला लागून बाकं होती. एका बाकावर लिफ्टवाला बसला होता. शेजारी त्याची मुलगी. कुणी कुणाला विचारायची गरज पडली नाही. एकाच रक्तगटाची दोन माणसं, एकाच दालनात, उपाशी. तो उठला नाही, फक्त हसला. त्या हसण्यात आनंद होता, आणि तो तिच्यापासून लपवायची धडपडही. "तुम्ही राखीव?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. "अरेरे," तो म्हणाला, पण 'अरेरे' हा फारच लहान शब्द होता. दोघांचं रक्त काढून नेलं. जुळतं की नाही कळायला दुपार होईल म्हणाले. मग एक तरुण डॉक्टर फळीला लावलेले कागद घेऊन आली आणि तिथेच, बाकासमोर उभी राहून, लिफ्टवाल्याला विचारू लागली. शेवटचं कधी खाल्लं? दात दुखतो? खोकला? गेल्या आठवड्यात ताप? अंगावर कुठे जखम, गळू?

"काही नाही," लिफ्टवाला म्हणाला.

दालनातल्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. हे तिने पाहिलं, कारण ती लिफ्टवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहू शकत नव्हती. आणि त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, डोळ्यांनी विनवलं असतं, दटावलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं. पण तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, अगदी सरळ, आणि त्या बघण्यात विश्वास होता की धाक, तिला कळेना. डॉक्टरने खूण केली, पुढचा कागद उलटला. सांगायचं होतं तर ते तेव्हाच. तोंड उघडायचं आणि सांगायचं. तिने ओठ मिटून घेतले. मग तो क्षण मागे पडला, रुळावर गुंडाळला गेला.

त्याच्या पायात विष आहे, तिने स्वतःला सांगितलं. नवं मूत्रपिंड बसवल्यावर अंगाची लढायची ताकद औषधांनी दाबून टाकतात, हे मशीनवरच्या प्रत्येकाला पाठ असतं. ती जखम त्याला आठ-पंधरा दिवसांत घेऊन जाईल. म्हणजे सांगणं हेच त्याच्या भल्याचं. किती सरळ! आणि इतकं सरळ आहे तर मग तू उठत का नाहीस? कारण तो बाजूला झाला की मूत्रपिंड तुला. तू त्याचं भलं करायला उठशील आणि वाटेत ते स्वतःच्या पोटात घालून घेशील. बरं, मी राखीव नसते, नुसती ओळखीची असते, तर सांगितलं असतं का? तिने खूप वेळ त्या प्रश्नाकडे पाहिलं. एकोणीस वर्षं ती दुसऱ्याच्या विणीतले दोष दाखवत आली होती, त्यात कधी तिचा पाय अडखळला नव्हता. पण ते कापड तिला नेसायचं नव्हतं. तिला आई आठवली, शेवटच्या आठवड्यातली, सुजलेली बोटं आणि त्या बोटांत सुई. आईला माहीत होतं, पूर्ण होणार नाही. तरी ती विणत होती. तेव्हा तिला आईचा राग आला होता. आज पहिल्यांदाच वाटलं, आईला बहुधा भीतीच वाटत नव्हती, किंवा इतकी वाटत होती की हात चालू ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

"मावशी, ही घ्या." लिफ्टवाल्याची मुलगी समोर उभी होती, हातात लहानशी उशी. "पाठीला. मी दोन आणल्या होत्या." तिने उशी घेतली. "बाबा सांगत असतात तुमच्याबद्दल," मुलगी म्हणाली, "उलटा कोट तुम्ही पकडलात ना? त्यांनी त्या मालिकावाल्यांना पत्र लिहिलंय. तुमचा उल्लेख केलाय त्यात. मला म्हणाले, एवढी वर्षं मी एकटाच बघत होतो, घरात कुणाला सोयरसुतक नाही. आता कुणीतरी भेटलं." मुलीचे डोळे जागरणाचे नव्हते, रडून धुतलेले होते. "आज जमेल ना हो?" तिने विचारलं. या प्रश्नाला काय म्हणायचं असतं? "देवाला काळजी," ती म्हणाली, आणि उशी पाठीला न लावता मांडीवर धरून बसली.

एक वाजता लिफ्टवाला तिच्या बाकावर येऊन बसला. चालताना त्याने उजवा पाय जरा बाहेरच्या अंगाला टाकला. तिने तो टाकलेला पाहिला, आणि तिने पाहिलं हे त्याने पाहिलं. दालनाच्या टोकाची लिफ्ट वर येत होती. "दोर ढिला पडलाय," तो म्हणाला, "ऐका. थांबताना हुंदका देते." मग हळू आवाजात, "ताई, माझं झालं आज, तर मी परत त्या खुर्चीवर नसणार. तुम्हाला टॅब देऊन जाईन. सगळे भाग त्यात आहेत. एकट्याने बघवणार नसेल तर नकाशेवालीचं काय होतं ते सांगून टाकू का आत्ताच?"

"नको," ती म्हणाली. स्वतःलाच अनोळखी वाटावा इतका कडक तिचा आवाज आला. "दादा, तुम्ही स्वतः सांगा डॉक्टरांना."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

तो हातांकडे बघत राहिला. त्या रुंद पंजांच्या नखांत अजून वंगणाच्या जुन्या रेषा होत्या. "मला नाही जमायचं," तो म्हणाला. राग नव्हता, विनवणीही नव्हती. जिना चढायला नाही जमायचं, तसं. उठून तो आपल्या बाकाकडे गेला, मुलीने त्याच्या खांद्यावरची शाल नीट केली. त्यानंतरचा एक तास तिला पुढे कधीही नीट आठवला नाही. लिफ्टचा हुंदका आठवला, नवऱ्याने दोनदा विचारलं "बरं वाटतंय ना" ते आठवलं, आणि मांडीवरच्या उशीच्या शिवणीत एक टाका सुटलेला होता, तो ती नखाने उसवत होती, ते आठवलं. दोन वाजता ती उठली. उशी नवऱ्याकडे दिली. डॉक्टरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

"बारा नंबरच्या, म्हणजे त्या पहिल्या रुग्णाच्या," ती म्हणाली, "उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम आहे. काळी पडलीय. काल मशीनवर त्यांना थंडी वाजली होती."

तरुण डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी राखीव आहे."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिली. फार वेळ नव्हे. पण तेवढ्या वेळात आपण काचेवर आहोत, खालून उजेड लावलाय, असं तिला वाटलं.

पुढचं भराभर झालं. त्यांनी लिफ्टवाल्याला आत नेलं, मोजा काढला. तो बाहेर आला तेव्हा मुलीचा हात धरून होता, आणि मुलगी एकदाच वळून तिच्याकडे बघून गेली. साडेतीनला त्याच डॉक्टरने तिला आत बोलावलं. डॉक्टर म्हणाली, तुमचं जुळलं नाही. तुमच्या रक्तात त्या मूत्रपिंडाविरुद्ध लढणारं काहीतरी आहे, आधी कधीतरी रक्त चढवलं असेल त्यामुळे. वाईट वाटतं. तिसऱ्या रुग्णाला बोलावलंय. "तिसरा कोण?" तिने विचारलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाली.

घरी जाताना नवऱ्याने एक पिवळा दिवा ओलांडला. तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. जुळलं नाही, एवढंच. "पुढच्या वेळी," तो म्हणाला. ती खिडकीबाहेर बघत होती. तिला मूत्रपिंड गेल्याचं दुःख शोधून सापडत नव्हतं. सापडत होतं ते दुसरंच: दोन वाजता दार लावून घेताना तिच्या आत काय होतं? भीती होती, लाज होती, आणि त्यांच्याखाली, अगदी तळाला, उकळी फुटावी तसा आनंद होता. तो तिने पाहिला होता. आता कितीही धुतला तरी जाणार नव्हता.

शनिवारी सकाळी तिने मोठ्या सिस्टरना खुर्ची बदलून मागायचं ठरवलं होतं. दालनाच्या दारापर्यंत ते ठरलेलं होतं. मग तिने वजन केलं, अकरा नंबरवर जाऊन बसली, हात पुढे केला. सात वाजून गेले. बारावी रिकामी. सव्वासातला मुलगी त्याला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. पायाला घोट्यापर्यंत पट्टी. मुलीने वडिलांची चादर नीट केली, पाण्याची बाटली ठेवली, आणि अकरा नंबरच्या खुर्चीत कुणी बसलेलंच नाही अशा तऱ्हेने निघून गेली. सुया टोचल्या गेल्या. मशीन फिरू लागलं. लिफ्टवाल्याने टॅब पिशवीतून काढला नाही. दोघंही छताकडे बघत राहिली. एक तास गेला. पायात गोळा आला, तिने तोंडातून ब्र काढला नाही. दीड तास. चार तास असेच जातील, आणि मंगळवारी पुन्हा चार, आणि गुरुवारी. ही खुर्ची म्हणजे काही बस नव्हे, की पुढच्या थांब्यावर उतरता येईल.

"अंगठा काढावा लागणार," तो छताला म्हणाला. "बुधवारी."

तिने डोळे मिटले.

"मोठे डॉक्टर म्हणाले, काल मूत्रपिंड बसवलं असतं तर पंधरा दिवसांत घरच्यांना बोलवावं लागलं असतं. म्हणाले, ज्याने सांगितलं त्याने जीव वाचवला तुमचा, पेढे द्या त्याला." मशीनचा पंप फिरत होता. "ताई, एक विचारू? खरं सांगायचं. माझ्यासाठी सांगितलंत, की स्वतःसाठी?"

उत्तर तयार होतं. मोठ्या डॉक्टरांनीच ते घडी घालून तिच्या हातात ठेवलं होतं. माझ्या भावासारखे आहात तुम्ही, तुमच्या जिवापायी. तिने ते उत्तर काचेवर धरून पाहिलं. वीण चांगली होती. मधोमध हातभर फट होती.

"स्वतःसाठी," ती म्हणाली.

तिने मान वळवून पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, ओले होते, आणि तो हळूहळू मान हलवत होता, एखाद्या यंत्राचा बिघाड अखेर सापडावा तसा. "बरं झालं," तो म्हणाला. "माझ्यासाठी म्हणाला असतात, तर मी आज खुर्ची बदलून मागणार होतो. रोज चार तास उपकाराशेजारी पडून राहायचं म्हणजे..." मग म्हणाला, "मी तुमच्या जागी असतो ना, तर थांबलोच नसतो. ती डॉक्टर पोरगी 'जखम' म्हणाली त्याच मिनिटाला बोट दाखवलं असतं. तुम्ही तर दोन तास थांबलात."

"दोन तास चाळीस मिनिटं," ती म्हणाली.

त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसतोय की रडतोय, हे तिला कळायच्या आत त्याचा सुयांचा हात हलला, मशीन किंचाळू लागलं, आणि मोठ्या सिस्टर दालनाच्या त्या टोकाकडून धावत आल्या. नळी सरळ केली, बटण दाबलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काय चाललंय काय तुमचं?"

सिस्टर पुटपुटत गेल्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्याच्या पट्टी बांधलेल्या पायावर पडलं होतं. तिने ते बराच वेळ पाहिलं. भीती होती तिथेच होती, आनंदाचा तो डागही होता.

"बुधवारी किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"नऊला."

"मी येते," ती म्हणाली. "तुमच्या मुलीला सांगून ठेवा. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल."